महामार्गाच्या जलनिस्सारणासाठी पावसाची कालिक वाटणी : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

या टप्प्यातील जलनिस्सारणाचे चार घटक आज निश्चित झाले : रस्त्याच्या कडेची गटारे व त्यांतील जाळीची तोंडे, उतारावरून येणारे पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणाऱ्या मोऱ्या, पंपावर अवलंबून असलेला भुयारी मार्ग, आणि शेवटी सगळे पाणी रोखून हळूहळू सोडणारे साठवण तळे. चारही घटकांचे गणित पावसापासूनच सुरू होते, पण प्रत्येकाला पावसाची वेगळी बाजू पाहावी लागते. जाळीच्या तोंडाला पाच-दहा मिनिटांतल्या सर्वांत जोरदार माऱ्याशी कर्तव्य असते, तर तळ्याला एकूण किती पाणी आले आणि ते कोणत्या क्रमाने आले याच्याशी.

आतापर्यंतच्या प्राथमिक आराखड्यात सर्वत्र रॅशनल सूत्र वापरले आहे. या सूत्रात प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) म्हणजे अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा भाग), तीव्रता (मिमी प्रतितास) व क्षेत्र (हेक्टर) यांचा गुणाकार भागिले ३६०. यात पावसाला एकच आकडा असतो : संकेंद्रण काळाएवढ्या, म्हणजे क्षेत्राच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी बाहेर पडण्याच्या जागी पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अवधीतील सरासरी तीव्रता. पाऊस त्या अवधीत एकसारखा पडला असे गृहीत धरले जाते, त्यामुळे कमाल प्रवाह मिळतो, पण पाणी किती वेळ साचून राहील हे कळत नाही. लहान गटारासाठी एवढे पुरते. भुयारी मार्ग आणि तळे यांच्यासाठी पुरत नाही, म्हणून पावसाची कालिक वाटणी, म्हणजे ठरलेली पर्जन्यमात्रा मिनिटामिनिटाला कशी पडते, हे स्वतंत्रपणे ठरवण्याचे काम या नोंदींत होईल.

१० जून २०२४

उपलब्ध नोंदी दोन प्रकारच्या आहेत : दीर्घकाळाच्या दैनिक नोंदी, आणि त्या मानाने थोड्या वर्षांच्या टिपिंग बकेट (भरताच उलटणाऱ्या छोट्या बादलीच्या) पर्जन्यमापकाच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी. पहिल्या प्रकारातून मात्रेची वारंवारता नीट काढता येते, पण आकाराविषयी, म्हणजे पाऊस वेळेनुसार कसा पडला याविषयी, त्या काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या प्रकारातून आकार दिसतो, पण पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाविषयी बोलण्याइतका त्यांचा कालखंड मोठा नाही. म्हणून मात्रा एका संचातून आणि आकार दुसऱ्या संचातून घ्यायचा, हीच या कामाची मूळ मांडणी राहील.

टिपिंग बकेटच्या नोंदी वापरण्यापूर्वी तिच्या मर्यादा लक्षात घेतल्या. बादली ०.२ मिमीची असेल तर ताशी १०० मिमी पावसात ती साधारण दर ७.२ सेकंदांनी उलटते, आणि उलटत असताना वरून पडणारे थोडे पाणी मोजले जात नाही. पाऊस जितका जोरदार तितकी ही तूट मोठी, म्हणजे आपल्याला ज्या क्षणांत रस आहे नेमक्या त्याच क्षणांत उपकरण कमी दाखवते. वेगवेगळ्या तीव्रतांना केलेल्या अंशशोधनाचा (माहीत असलेल्या प्रवाहाशी उपकरण ताडून पाहण्याचा) तक्ता असेल तरच ही तूट भरून काढता येते. एकाच संथ प्रवाहावर केलेले अंशशोधन इथे उपयोगाचे नाही. दुसरी बाब विभेदनाची, म्हणजे उपकरण किती बारीक फरक टिपू शकते याची आहे : ०.५ मिमीची बादली पाच मिनिटांत एकदा उलटली तर तीव्रता ताशी ६ मिमी दिसते आणि उलटली नाही तर शून्य, त्यामुळे सरीच्या शेपटीत जे तुटक टप्पे दिसतात ते पावसाचे नसून बादलीचे असतात.

तिसरी दुरुस्ती घड्याळाच्या ठोक्यांची. एखाद्या नोंदीत १० ते ११ आणि ११ ते १२ अशा तासांच्या बेरजा असतील, आणि सर १०.३० ते ११.३० अशी पडली असेल, तर तिचे दोन तुकडे होतात आणि खरा कमाल तास कुठेच दिसत नाही. वार्षिक कमाल मालिकेसाठी (दर वर्षाच्या सर्वांत मोठ्या पावसाच्या यादीसाठी) यावर १.१३ हा गुणक दीर्घकाळ वापरात आहे. सरीची सुरुवात कोणत्याही मिनिटाला सारख्याच शक्यतेने होते असे धरून वाइसने १९६४ मध्ये काढलेला सैद्धांतिक आकडा १.१४ च्या आसपास येतो, म्हणजे अनुभव आणि सिद्धांत जुळतात. एक तास जर पाच-पाच मिनिटांच्या बारा तुकड्यांतून बांधला असेल तर गुणक १.०१ एवढाच उरतो. हा गुणक मालिकेच्या सरासरी वागण्याचा आहे. तो एकेका वादळाच्या आलेखाला लावून त्याचे शिखर फुगवणे चूक ठरेल, हे गणनपत्रकाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे.

१९ जून २०२४

दैनिक मात्रेवरून कमी अवधीची मात्रा काढण्याचा प्रश्न आज घेतला. भारतीय हवामान विभागाच्या नावाने प्रचलित असलेला घनमूळाचा नियम सांगतो की अवधी २४ तासांचा जेवढा भाग असेल त्याचे घनमूळ काढून त्याने २४ तासांच्या मात्रेला गुणावे. यानुसार एका तासात दिवसाच्या मात्रेचा ३४.७ टक्के भाग येतो. मोठ्या पाणलोटांसाठी, जिथे अवधी काही तासांचा असतो, तिथे हा नियम सोयीचा आहे.

अडचण तो तासाच्या खाली ओढल्यावर येते. पाच मिनिटांसाठी हाच नियम दिवसाच्या १५.१ टक्के देतो, म्हणजे तासाच्या मात्रेचे सुमारे ४४ टक्के पाणी पाच मिनिटांत. दुसरीकडे, अमेरिकी हवामान खात्याच्या १९६१ च्या पर्जन्य-वारंवारता नकाशांत वापरलेली गुणोत्तरे पाहिली, तर तासाच्या मात्रेपैकी ३० मिनिटांत ०.७९, १५ मिनिटांत ०.५७, १० मिनिटांत ०.४५ आणि ५ मिनिटांत ०.२९ एवढा भाग येतो. दिवसाला १०० मिमी धरले तर घनमूळाच्या नियमाने पाच मिनिटांची तीव्रता ताशी १८२ मिमी येते, आणि तासाची मात्रा त्याच नियमाने काढून पुढे ही गुणोत्तरे लावली तर ताशी १२१ मिमी. गटाराच्या आकारात हा फरक दीडपट आहे. कारण सूत्रातच दडले आहे : अवधी शून्याकडे गेला की घातसूत्रातील तीव्रता अनंताकडे जाते, तिला कुठेही छत नाही. छेदात अवधीबरोबर एक स्थिरांक मिळवलेली सूत्रे या दोषापासून मुक्त असतात.

निर्णय : तासापेक्षा कमी अवधीसाठी घनमूळाचा नियम वापरायचा नाही. स्थानिक पाच मिनिटांच्या नोंदींतून काढलेली गुणोत्तरे वापरायची, आणि वरची प्रकाशित गुणोत्तरे केवळ पडताळणीसाठी बाजूला ठेवायची, कारण ती दुसऱ्या हवामानातली आहेत.

२८ जून २०२४

सतत चालणाऱ्या नोंदीतून एकेक वादळ वेगळे करण्यासाठी दोन सरींमधील किमान कोरडा काळ ठरवावा लागतो. सहा तासांचा कोरडा काळ साहित्यात वारंवार दिसतो. रेस्त्रेपो-पोसादा आणि ईगलसन यांनी १९८२ मध्ये सुचवलेली कसोटी अधिक तर्कशुद्ध आहे : कोरड्या काळांच्या लांबीचे प्रमाणित विचलन आणि सरासरी सारखे होईपर्यंत किमान मर्यादा वाढवत जावी, म्हणजे उरलेली वादळे एकमेकांपासून स्वतंत्र मानता येतात. सांख्यिकीसाठी हे योग्यच आहे, परंतु तळ्याला सांख्यिकी स्वातंत्र्याशी देणेघेणे नसते. तळे रिकामे व्हायला आठ तास लागत असतील आणि दोन वादळांमध्ये सहा तासांचे अंतर असेल, तर तळ्याच्या दृष्टीने ते एकच वादळ आहे. म्हणून मात्रेच्या विश्लेषणासाठी कसोटीतून आलेला काळ आणि साठवणीच्या तपासणीसाठी तळे रिकामे होण्याचा काळ, असे दोन वेगळे निकष ठेवले आहेत.

८ जुलै २०२४

वेगळी केलेली वादळे आज एकाच मापावर आणली. आडव्या अक्षावर वादळाच्या अवधीचा टक्का, उभ्या अक्षावर तोपर्यंत पडलेल्या पावसाचा टक्का. अशा वक्रांचा पद्धतशीर वापर हफने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. इलिनॉयमधील ४०० चौरस मैलांवर पसरलेल्या ४९ पर्जन्यमापकांच्या जाळ्यातील २६१ वादळे घेऊन त्याने सर्वाधिक पाऊस कोणत्या चतुर्थांशात पडला त्यावरून चार गट केले आणि प्रत्येक गटासाठी १० ते ९० टक्के संभाव्यतेचे वक्र काढले. पुढे त्याच कामातून अशी सूचना आली की सहा तासांपर्यंतच्या वादळाला पहिल्या चतुर्थांशाचा वक्र, बारा तासांपर्यंत दुसऱ्याचा, चोवीस तासांपर्यंत तिसऱ्याचा आणि त्याहून मोठ्याला चौथ्याचा वक्र वापरावा. अवधी आणि आकार यांचा संबंध असतो, हे त्यातील टिकाऊ तत्त्व आहे. नेमके आकडे मात्र तिथल्या पावसाचे आहेत आणि ते इथे जसेच्या तसे उचलणार नाही.

या वक्रांचा एक गैरवापर इतका सर्रास दिसतो की त्याची नोंद स्वतंत्रपणे करणे भाग आहे. ५० टक्क्यांचा, म्हणजे मध्यक वक्र, हा कोणत्याही प्रत्यक्ष वादळाचा वक्र नसतो. प्रत्येक वादळाचे शिखर वेगळ्या क्षणी येते, आणि सगळे वक्र एकमेकांवर ठेवून मध्यक काढला की ती सगळी शिखरे एकमेकांत विरघळून एक सौम्य, गोल चढ उरतो. त्यावरून काढलेली दहा मिनिटांची कमाल तीव्रता बहुतेक खऱ्या वादळांहून कमी निघते. १० आणि ९० टक्क्यांचे वक्रही तसेच : ते वेगवेगळ्या वादळांचे बिंदू जोडून तयार झालेले असतात, त्यांच्यावरून चालत गेलेले असे कोणतेच वादळ नसते. हे वक्र आकारांचा विस्तार दाखवण्यासाठी उत्तम आहेत, पण गटाराचा आराखडा त्यांच्या मध्यकावर उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१५ जुलै २०२४

नोंदींऐवजी तीव्रता-अवधी-वारंवारता वक्रातूनच (किती अवधीत किती तीव्र पाऊस किती वर्षांतून एकदा येतो हे दाखवणाऱ्या वक्रातूनच) आराखड्याचे वादळ घडवण्याच्या पद्धती आज तुलनेला घेतल्या. मोजमाप सोपे राहावे म्हणून एक काल्पनिक सूत्र घेतले आहे : तीव्रता = ५४०० ÷ (अवधी + ३०), अवधी मिनिटांत, तीव्रता ताशी मिमीमध्ये. यावरून १० मिनिटांत २२.५ मिमी, २० मिनिटांत ३६ मिमी, ३० मिनिटांत ४५ मिमी आणि तासाभरात ६० मिमी पाऊस येतो. लागोपाठच्या वजाबाक्यांतून दहा-दहा मिनिटांचे सहा खंड मिळतात : २२.५, १३.५, ९.०, ६.४, ४.८ आणि ३.८ मिमी. त्यांतील सर्वांत मोठा मध्याजवळ ठेवून बाकीचे आलटून पालटून दोन्ही बाजूंना लावले की ४.८, ९.०, २२.५, १३.५, ६.४, ३.८ असा आलेख तयार होतो. हीच पर्यायी खंडांची पद्धत.

कीफर आणि चू यांची १९५७ ची शिकागो पद्धत याच कल्पनेचे अखंड रूप आहे. त्यात शिखर एकूण अवधीच्या कोणत्या भागावर येते हे एका गुणोत्तराने सांगितले जाते आणि शिकागोसाठी त्यांनी ते ०.३७५ घेतले होते. अमेरिकी मृदा संधारण सेवेचा दुसऱ्या प्रकारचा २४ तासांचा वक्रही याच घराण्यातला. त्यात साडेअकरा ते साडेबारा या मधल्या एका तासात दिवसाचा सुमारे ४५ टक्के पाऊस पडतो. घनमूळाच्या नियमाच्या ३४.७ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की सगळीकडे एकच तयार वक्र लावण्याचा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या सर्व पद्धतींत एक समान गुण आहे आणि तोच त्यांचा दोष आहे. एकाच वादळात दहा मिनिटांची, वीस मिनिटांची, तासाची अशी प्रत्येक अवधीची मात्रा ठरलेल्या पुनरावृत्ती काळाची, म्हणजे सरासरी ठरावीक वर्षांतून एकदा येणारी असते. एकाच गणनेत लहानमोठे सगळे पाणलोट तपासता येतात हा लाभ मोठा आहे, परंतु खरे वादळ प्रत्येक अवधीला इतके सारखे दुर्मीळ सहसा नसते. म्हणजे हे आलेख सुरक्षित बाजूला झुकलेले असतात, आणि किती झुकलेले हे वादळानुसार बदलते.

२४ जुलै २०२४

खंडांचा क्रम बदलल्याने प्रत्यक्षात काय बदलते हे वरच्याच ६० मिमींवर तपासले. क्षेत्र १२ हेक्टर, अपधाव गुणांक ०.५, म्हणजे दर मिमी पावसामागे ६० घनमीटर पाणी आणि एकूण ३,६०० घनमीटर. प्रवाहाला लागणारा विलंब मुद्दाम सोडून दिला आहे, जेणेकरून केवळ आकाराचा परिणाम दिसेल.

पहिली तपासणी भुयारी मार्गाची. पंप सेकंदाला ०.९ घनमीटर, म्हणजे दहा मिनिटांत ५४० घनमीटर पाणी उपसतो. शिखर आरंभी ठेवले, मध्ये ठेवले किंवा अखेरीस ठेवले, तरी साठ्याची कमाल १,०८० घनमीटरच येते. सुरुवातीला हे खटकले, पण कारण सरळ आहे : पंपाची क्षमता ठरलेली असल्याने तिच्याहून मोठे असलेले खंड एकमेकांना चिकटून आहेत तोवर त्यांचा आपापसातला क्रम काही फरक करत नाही. ते खंड विलग केले, म्हणजे २२.५ मिमीनंतर आधी ३.८ मिमीचा शांत काळ आणि मग १३.५ मिमी असे लावले, की कमाल साठा ८१० घनमीटरवर येतो. आणि पाऊस तासभर एकसारखा, दर दहा मिनिटांना १० मिमी असा धरला तर साठा केवळ ३६० घनमीटर, म्हणजे खऱ्या गरजेचा एक-तृतीयांश. सरासरी तीव्रतेवर पंपघराचा हौद बांधणे किती धोक्याचे आहे, हे सांगायला एवढे पुरे आहे.

दुसरी तपासणी मोरीच्या वरच्या अंगाला साचणाऱ्या पाण्याची आणि तळ्याची. इथे बाहेर जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो : पातळी चढेल तसा तो वाढतो. सोपेपणासाठी दर दहा मिनिटांच्या शेवटी साठ्याचा निम्मा भाग निघून जातो असे धरले. आता त्याच सहा खंडांतून, शिखर आरंभी आणि पुढे उतरता क्रम ठेवला तर कमाल साठा १,४८५ घनमीटर, शिखर मध्याजवळ ठेवले तर १,६९२ घनमीटर, आणि चढत्या क्रमाने शिखर अखेरीस आले तर १,९६३ घनमीटर. एकसारख्या पावसात हाच आकडा १,१८१ येतो. पाणी तेवढेच, कमाल दहा मिनिटांची तीव्रता तीच, तरीही अखेरीस येणाऱ्या शिखराला आरंभीच्या शिखरापेक्षा ३२ टक्के जास्त जागा लागते, कारण ते येऊन पोहोचते तेव्हा तळे आधीच्या सरींनी अर्धवट भरलेले असते. जमिनीत मुरण्याची क्षमता वादळाच्या सुरुवातीला जास्त असते हे यात मिळवले की दरी आणखी रुंदावते : आरंभीचे शिखर कोरड्या मातीवर पडते, अखेरचे भिजलेल्या.

तेव्हा शिखराची वेळ ही पंपासाठी जवळजवळ निरर्थक, आणि तळ्यासाठी निर्णायक. दोन्ही घटक एकाच रस्त्याच्या एकाच आराखड्यात असताना एकच आलेख दोघांना लावण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

१ ऑगस्ट २०२४

वरच्या निष्कर्षावर एका सहकाऱ्याने रास्त आक्षेप घेतला : मग तळ्यासाठी सरळ अखेरच्या शिखराचा आलेख घ्यावा, म्हणजे सुरक्षित राहू. अडचण अशी की पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तीची मात्रा घेतली आणि तिला क्वचितच दिसणारा आकार दिला, तर तयार झालेली घटना पन्नास वर्षांची राहत नाही, ती त्याहून पुष्कळ दुर्मीळ होते. नोंदींतील दहापैकी एकाच वादळाचे शिखर इतके उशिरा येत असेल, तर दोन अटी एकदम पूर्ण होण्याची शक्यता त्या प्रमाणात कमी होते. आराखड्याच्या पहिल्या पानावर एक पुनरावृत्ती काळ लिहायचा आणि गणनेत दुसराच वापरायचा, हे सुरक्षितता म्हणून खपवता येणार नाही, कारण त्यातून रस्त्याच्या इतर भागांसाठीचा पैसा तळ्यात अडकतो.

म्हणून संभाव्यता आकाराला न लावता परिणामाला लावायची, असे ठरले. नोंदीत मिळालेले सगळे योग्य अवधीचे आकार एकेक करून ठरलेल्या मात्रेवर चालवायचे, प्रत्येकातून येणारा कमाल साठा काढायचा, ते साठे क्रमाने लावायचे आणि त्यांचा मध्यक घ्यायचा. मध्यक इथे साठ्याचा आहे, पावसाचा नाही. त्यामुळे ८ जुलैच्या नोंदीत सांगितलेला शिखरे विरघळण्याचा दोष टळतो. ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत प्रत्येक अवधीसाठी दहा आकारांचा संच चालवण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे. गणनेचा भार वाढतो हे खरे, पण आजच्या संगणकावर तो नगण्य आहे, आणि एक तयार वक्र वापरून वाचणारा वेळ नंतर त्याचे समर्थन करण्यातच जातो.

६ ऑगस्ट २०२४

कालखंडाची रुंदी निश्चित केली. एकक जलालेखाच्या (एक एकक अपधावातून प्रवाह वेळेनुसार कसा चढतो-उतरतो हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) पद्धतीत गणनेचा टप्पा विलंब काळाच्या (पावसाच्या मध्यापासून प्रवाहाच्या शिखरापर्यंतच्या काळाच्या) ०.२९ पटीपेक्षा जास्त नसावा असा सर्वमान्य दंडक आहे, आणि विलंब काळ संकेंद्रण काळाच्या ०.६ पट धरला जातो. संकेंद्रण काळ २० मिनिटे असलेल्या पाणलोटाला यातून सुमारे साडेतीन मिनिटांचा टप्पा मिळतो. म्हणजे वरच्या उदाहरणातील दहा मिनिटांचे खंड समजण्यासाठी ठीक असले तरी अंतिम गणनेत चालणार नाहीत. पाच मिनिटांच्या नोंदीही लहान पाणलोटांना थोड्या जाडच पडतात. तिथे पाच मिनिटांच्या आत पाऊस एकसारखा धरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि फरसबंदीवरील गटारांसाठी पाच मिनिटे हाच किमान संकेंद्रण काळ मानण्याचा प्रघात असल्यामुळे त्याने फारसे बिघडतही नाही.

१४ ऑगस्ट २०२४

दोन छोट्या बाबी. क्षेत्रघट गुणक, म्हणजे एका बिंदूवरच्या पावसापेक्षा संपूर्ण पाणलोटावरचा सरासरी पाऊस कमी असतो त्यासाठीची सूट, या टप्प्यातील लहान पाणलोटांना लावली नाही. तिचा लाभ किरकोळ आहे आणि जोरदार पण आखूड सरी क्षेत्रावर कशा पसरतात याची स्थानिक माहिती एका पर्जन्यमापकातून मिळत नाही. तापमानवाढीबाबत, हवेची बाष्प धरण्याची क्षमता प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, या भौतिक संबंधाचा आधार घेऊन मात्रेवर वाढ धरली आहे. आकारावर वेगळी वाढ धरलेली नाही. तळ्याच्या सांडव्यासाठी मात्र वाढीव मात्रेची स्वतंत्र गणना होईल.

२२ ऑगस्ट २०२४

आराखडा गटाला द्यावयाचे पत्रक आज पूर्ण झाले. कडेची गटारे आणि जाळीची तोंडे यांना रॅशनल सूत्र, त्यात स्थानिक गुणोत्तरांवरून काढलेली संकेंद्रण काळाएवढ्या अवधीची तीव्रता. जिथे वर पाणी साचायला जागाच नाही अशा मोऱ्यांना पर्यायी खंडांचा आलेख, कारण एका गणनेत सर्व अवधी तपासले जातात आणि सुरक्षिततेकडचा झुकाव इथे परवडतो. भुयारी मार्गाच्या पंपघराला तोच आलेख, परंतु पंपाच्या क्षमतेहून मोठे खंड विलग न करता. शिवाय पंपांपैकी एक बंद असल्याची गणना सोबत जोडलेली. तळे आणि जिच्या वरच्या अंगाला पाणी साचते ती मोरी यांना नोंदीतील सर्व आकारांचा संच, कमाल साठ्याच्या मध्यकासह, आणि मध्यकाशेजारी संचातील सर्वांत मोठा साठाही छापलेला.

संच चालवताना वादळाचा अवधी एकच ठेवलेला नाही. संकेंद्रण काळापासून तळे रिकामे होण्याच्या काळापर्यंत अवधी टप्प्याटप्प्याने वाढवला आहे आणि ज्या अवधीला साठ्याचा मध्यक सर्वाधिक येतो तो निर्णायक मानला आहे. तळ्याच्या बाबतीत हा अवधी संकेंद्रण काळाच्या कितीतरी पट निघाला, म्हणून पत्रकात दोन्ही काळ शेजारीशेजारी दिले आहेत. पुढील टप्प्याच्या पाणलोटांसाठी पाच मिनिटांच्या नोंदी मागवल्या आहेत. त्या येताना पर्जन्यमापकाच्या अंशशोधनाचा तक्ता सोबत यावा, आणि तो नसेल तर त्या नोंदी आकारासाठी वापराव्यात पण कमाल तीव्रतेसाठी वापरू नयेत, असे मागणीपत्रात लिहिले आहे.